पडद्यासमोरचा शीण आणि अभ्यासक्रमाची पारख

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा वर्गाचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी जसेच्या तसे मोबाइलच्या पडद्यावर उतरवले गेले आणि काही आठवड्यांतच विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांनाही एका नव्या थकव्याचा अनुभव येऊ लागला. शाळा पुन्हा भरल्या, तरी दूरस्थ शिक्षण संपले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याला एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरून पूर्ण करता येतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे लाखो उमेदवार ध्वनिचित्रफितींवर विसंबून असतात आणि शाळकरी मुलांच्या घरी तर शिकवणीचे एखादे अ‍ॅप सर्रास दिसते. म्हणूनच या थकव्याचे मूळ कशात आहे आणि अभ्यासक्रमाची निवड डोळसपणे केल्यास तो किती कमी करता येतो, हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

या थकव्याचा एक भाग शारीरिक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये दृक्‌श्राव्य बैठकींमुळे येणाऱ्या थकव्याची चार संभाव्य कारणे मांडली: अनेक चेहरे सतत अगदी जवळून आपल्याकडे पाहत असल्याची जाणीव, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, कॅमेऱ्याच्या चौकटीत एका जागी जखडून बसावे लागणे आणि हावभावांतून सहज कळणाऱ्या गोष्टी समजून घेण्यासाठी मेंदूला करावी लागणारी अधिकची खटपट. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे अशी मर्यादा सुचवली होती. मर्यादा योग्यच होती. पण ती वेळेपुरती होती, त्या वेळेत काय शिकवावे आणि कसे शिकवावे याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. शिवाय आधी ध्वनिमुद्रित केलेल्या पाठात ना कोणी टक लावून पाहत असते, ना कॅमेऱ्याचे बंधन असते. तरीही तासाभराचा असा पाठ पाहून विद्यार्थी गळून जातो, याचा अर्थ शिणाचे दुसरे मूळ पाठाच्या रचनेतच शोधले पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला ‘बोधनिक भार’ हा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. माणसाच्या ज्या स्मृतीत नवी माहिती तात्पुरती धरून तिच्यावर विचार केला जातो, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि तिची क्षमता फारच मर्यादित असते. विषय मुळात अवघड असल्यामुळे तिच्यावर पडणारा भार टाळता येत नाही, पण सदोष मांडणीमुळे पडणारा भार पूर्णपणे अनावश्यक असतो. आकृती एका कोपऱ्यात आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या कोपऱ्यात असणे, शिक्षक बोलत असतानाच तेच शब्द मजकूर म्हणून पडद्यावर सरकत राहणे, मागे सतत संगीत वाजणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. अमेरिकी संशोधक रिचर्ड मेयर यांनी या दिशेने अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले की, विषयाशी संबंध नसलेली चित्रे व आवाज काढून टाकले आणि पाठ लहान टप्प्यांत विभागून पुढे जाण्याचा वेग विद्यार्थ्याच्या हाती दिला, तर आकलन सुधारते. पालकांना ज्या पाठाची झगमगीत सजावट पहिल्या नजरेत भुरळ घालते, तोच पाठ मुलाला अधिक दमवणारा असू शकतो, हे त्यामुळे ध्यानात घ्यायला हवे.

तरीही मांडणीहून मोठा दोष निष्क्रियतेचा आहे. कार्ल झ्पुनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात विशेष बोलका आहे. संख्याशास्त्रावरील २१ मिनिटांचे एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान चार भागांत विभागून दाखवण्यात आले. एका गटाला प्रत्येक भागानंतर त्यातील आशयावर छोटी चाचणी दिली गेली, तर इतरांना तशी चाचणी मिळाली नाही. चाचणी देणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, त्यांनी अधिक टिपणे काढली आणि अखेरच्या परीक्षेत त्यांची कामगिरी सरस ठरली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय बाब अशी की, अखेरच्या परीक्षेची धास्ती त्यांना कमी वाटली आणि बौद्धिक ताणही कमी जाणवला. अधिक काम केलेले विद्यार्थी कमी दमले, हा निष्कर्ष वरवर विसंगत वाटला तरी तो अनुभवाला धरून आहे, कारण भटकणारे मन पुन्हा पुन्हा खेचून आणण्याची धडपड हीच निमूटपणे पाहत बसणाऱ्याची खरी दमछाक असते.

पाठाच्या लांबीबद्दलही भक्कम माहिती उपलब्ध आहे. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख दृश्यसत्रांची पाहणी केली, तेव्हा फीत कितीही लांब असली तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असे आढळले. त्याचबरोबर वर्गातील लांब व्याख्यानाचे चित्रीकरण करून नंतर त्याचे तुकडे पाडले तर ते मुळातच लहान पाठ म्हणून आखलेल्या फितींइतके प्रेक्षकाला धरून ठेवत नाहीत, हेही दिसले. तेव्हा कालावधीचा आकडा पाहून भागत नाही. पाठ त्या लांबीसाठी रचला आहे की नुसता कापला आहे, हे पाहावे लागते.

चांगला अभ्यासक्रम विद्यार्थ्याकडून काय करवून घेतो, हे अपूर्णांकांच्या बेरजेसारख्या साध्या घटकावरून स्पष्ट होते. दोन-तृतीयांश आणि एक-चतुर्थांश यांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून तीन-सप्तमांश हे उत्तर काढणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. सुमार दर्जाच्या अभ्यासक्रमात अशा उत्तरावर लाल फुली उमटते, योग्य उत्तर झळकते आणि पुढचा प्रश्न येतो. मुलाला आपले कोठे चुकले हे कळत नाही आणि चार फुल्यांनंतर ते अंदाजाने पर्याय दाबू लागते. विचारपूर्वक केलेला अभ्यासक्रम ही चूक आधीच ओळखून ठेवतो. तो दोन्ही अपूर्णांक संख्यारेषेवर मांडायला लावतो आणि तीन-सप्तमांश हे दोन-तृतीयांशापेक्षा लहान असताना ते बेरजेचे उत्तर कसे असेल, असे विचारतो. मग समच्छेद करण्याची गरज मुलाच्याच लक्षात येते, ते वहीत आठ-द्वादशांश आणि तीन-द्वादशांश मांडते आणि अकरा-द्वादशांश या उत्तरापर्यंत स्वतः पोहोचते. यात पडद्यावरची नजर वहीकडे वळते, हात चालतो आणि काही मिनिटे डोळ्यांनाही विसावा मिळतो. अभ्यासक्रम निवडताना तो काय दाखवतो यापेक्षा काय करायला लावतो, याकडे अधिक लक्ष द्यावे ते याचसाठी.

रंजकतेचा प्रश्न येथे नीट समजून घ्यायला हवा. गुण, बिल्ले, क्रमवारी यांनी मूल काही दिवस अ‍ॅपला चिकटून राहते, पण चिकटून राहणे म्हणजे शिकणे नव्हे. हार्वर्डमध्येच लुई देलोरियर आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, स्वतः उदाहरणे सोडवत शिकणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते, मात्र आपण अधिक शिकलो असे वाटत होते ते सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना. तो अभ्यास प्रत्यक्ष वर्गातला असला तरी त्याचा इशारा ऑनलाइन शिक्षणाला अधिकच लागू पडतो; मुलाला किंवा पालकाला पाठ ‘आवडला’ एवढ्यावर निवड करणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत भाषेचा भार वेगळा मोजावा लागतो. मराठी माध्यमाच्या आठवीतल्या मुलाने प्रकाशाचे अपवर्तन इंग्रजी फितीतून शिकायचे, तर त्याची निम्मी शक्ती शब्द उलगडण्यातच खर्ची पडते. ‘दीक्षा’ हा सरकारी मंच २०१७ पासून उपलब्ध आहे आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडमधून त्यावरील पाठांपर्यंत पोहोचता येते. त्यामुळे पडद्यावरचा आशय हातातल्या पुस्तकाशी जोडलेला राहतो आणि तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेटविना पाहता येतो. घरात एकच मोबाइल आणि डेटा पॅक मर्यादित असेल, तेथे ही सोय अ‍ॅनिमेशनच्या दर्जापेक्षाही मोलाची ठरते. अशा पाठांचा दर्जा मात्र सारखा नसतो, म्हणून सरकारी म्हणून डोळे झाकून स्वीकारणे आणि मोफत म्हणून नाकारणे या दोन्ही गोष्टी चुकीच्याच आहेत.

‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांसाठी चार अंगे ठरवून दिलेली आहेत: ध्वनिचित्रपाठ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. यांपैकी चौथे अंग सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातील अंतर हे मैलांपेक्षा संवादाच्या अभावाने वाढते, असे प्रतिपादन केले आणि त्या अंतराला व्यवहारात्मक अंतर असे नाव दिले. अडलेल्या विद्यार्थ्याला विचारायला कोणी नसले की तो तीच फीत तीनदा पाहतो, वैतागतो आणि अखेर अभ्यासक्रम सोडून देतो. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी शंका कोणाला विचारायची, उत्तर शिक्षक देतो की ठरावीक यांत्रिक मजकूर येतो आणि ते किती दिवसांत मिळते, हे संस्थेला स्पष्टपणे विचारले पाहिजे. नमुना म्हणून दाखवला जाणारा पहिला पाठ बहुधा सर्वांत कष्टाने तयार केलेला असतो. म्हणून मधल्या एखाद्या अवघड घटकाचा पाठ मागून घ्यावा, मुलाला तो एकट्याने करू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पडदा बंद ठेवून त्याच घटकावरचे एक नवे उदाहरण कागदावर सोडवायला द्यावे.