जुनी गाडी घ्यावी बैलासारखी पारखून

मोटारींचा नाद असलेल्या माणसाला गावात एक काम आपोआप चिकटते. कोणी जुनी जीप किंवा मोटार घ्यायला निघाले, की त्याला बोलावणे येते. हे काम मी आवडीने करतो. पण गाडी पाहायला आलेली मंडळी काय पाहतात, हे बघून पुष्कळदा जीव कासावीस होतो. रंगावरून हात फिरवायचा, गाणी वाजतात का ते ऐकायचे, गादीवर बसून दोनदा हॉर्न दाबायचा, की लागलीच किमतीची घासाघीस सुरू!

अहो, बैल घेताना आपण असे करतो का? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जमले तर मानेवर जू ठेवूनही पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगाला कोणी शेतकरी भुलत नाही. मग गाडीच्याच रंगाला का भुलावे?

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. रात्रभर थंड पडलेले इंजिन खरे बोलते. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर समजावे की काहीतरी झाकायचे आहे. मग गाडी चालू करून मागे जाऊन उभे राहावे. निळसर धूर येत राहिला, तर इंजिन तेल खाते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर बहुधा पाणी आत शिरते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, चहासारखा साका दिसला, तरी संशय तोच. इंजिन चालू असताना ते झाकण उघडावे. आतून धापा टाकल्यासारखा धूर बाहेर येत असेल, तर इंजिनाचे काम निघाले म्हणून समजा. त्याचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सरळ घरी परत या.

पत्रा पाहायला शाळकरी पोराचे लोहचुंबक पुरते. दाराखालच्या कडा, चाकांवरची कमान, डिकीचा तळ इथे ते फिरवावे. ते पत्र्याला चिकटले नाही, तर आत लांबी भरून वर रंग मारलेला आहे. मात्र हल्लीच्या गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचेच असतात, त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका. मीटरवरचे आकडे मागे फिरवता येतात, पायाखालच्या पेडलचे रबर मागे फिरवता येत नाही. ते गुळगुळीत झाले आहे आणि मीटर तीसच हजार दाखवते आहे, तर दोघांतले कोण खोटे ते उघड आहे.

पुरात बुडालेल्या गाड्यांचे वेगळेच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत पाणी कित्येक दिवस हटले नाही. अशा पाण्यातली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली, तर वरून ओळखू येत नाही. पायाखालचे जाजम उचलून पाहावे, गादीखालच्या पट्ट्यांना गंज आहे का ते चाचपावे. सुकलेला गाळ आणि कुबट वास सहसा लपत नाहीत.

गाडी दारात आली, की घरातला तरणा पोरगा किल्ली मागतो. त्याला वाटते, वेगात हाकतो तो खरा ड्रायव्हर. मला स्वतःला मोटारींच्या शर्यतींचे विलक्षण आकर्षण आहे, म्हणूनच त्याला निकी लाउडाची हकीकत सांगावीशी वाटते. हा ऑस्ट्रियाचा जगज्जेता. १९७६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या शर्यतीत त्याची गाडी पेटली. चेहरा होरपळला, विषारी धुराने फुप्फुसे भाजली, अखेरचे धार्मिक विधीही उरकून झाले. तरी सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला! पण त्याच वर्षी जपानमधल्या अखेरच्या शर्यतीत मुसळधार पाऊस होता, पुढचे दिसत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी बाजूला घेतली आणि तो उतरला. जगज्जेतेपद एका गुणाने गेले. पुढे १९७७ आणि १९८४ साली त्याने ते पुन्हा मिळवले. माझ्या लेखी त्याची सर्वांत मोठी ड्रायव्हिंग ती, पावसात गाडी थांबवली तेव्हाची.

शिवाय शर्यतीच्या रस्त्यावर समोरून एसटी येत नाही, म्हैस आडवी जात नाही, आणि डॉक्टर व आगीचा बंब तयार असतो. आपल्या रस्त्यावर यातले काय आहे? हिशेबच मांडू. ब्रेक उत्तम, रस्ता कोरडा डांबरी. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी, समोर काही दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर जाते. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, की हेच अंतर ५८ मीटरांच्या आसपास होते. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते, ती ५८ मीटरांवरून दिसते का? (ट्रॉली आपलीच असेल, तर मागे लाल परावर्तक आजच लावून घ्या. फार खर्च नाही त्याला.)

घाटाचेही तसेच. इंधन वाचवायला काहीजण उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात. सतत दाबून ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसला, की इंजिनाचे इंधन आपोआप तोडतात. मग न्यूट्रल करून वाचते काय?

आता कागद. इथे आपले लोक सर्वांत जास्त फसतात, आणि घेणाऱ्यापेक्षा विकणारा अधिक. ‘गाडी दिली, पैसे मिळाले, नाव काय सवडीने होईल’ असे म्हणतात. एक मारुती ८०० मालकाने २००७ साली विकली. पुढे ती हातोहात आणखी फिरली, पण आरसी बुकावर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली तिच्या अपघातात एकाचा जीव गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल लागला, की नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी दोन वर्षांपूर्वीच हातची गेली होती, तरी!

तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच करा. त्याच राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडीवर बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल, तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत दाखला हाती आल्याशिवाय पैसे मोजू नका. चॅसी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. विमा आपल्या नावावर करून घ्यायलाही १४ दिवसांचीच मुदत आहे. आणि गाडी ताब्यात दिल्याच्या पावतीवर दोघांच्या सह्या घेताना तारखेबरोबर वेळही लिहा, कारण विकलेली गाडी त्याच संध्याकाळी कुठे धडकली, तर ती कोणाच्या ताब्यात होती हे त्या कागदावरूनच दाखवावे लागेल.