उभ्या बासची टकटक

रॉकाबिली, म्हणजे सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा एक प्रकार, आपल्याकडे आला तो रेकॉर्डवरून आणि सिनेमातून. लहानशा क्लबात, गाणाऱ्याच्या हातभर अंतरावर बसून तो ऐकायचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं. त्याच्या सत्तर वर्षांतली मला सलणारी गोष्ट हीच.

१९५४ च्या जुलैत मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने पहिली रेकॉर्ड केली, तेव्हा साथीला दोघेच होते: गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर बिल ब्लॅक. ड्रम नव्हताच. ब्लॅक तार ओढून सोडायचा, ती लाकडी पट्टीवर आपटायची आणि त्या टकटकीवर गाणं पळायचं.

ते वारं मुंबईत शिरायला वेळ लागला नाही. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ दिलं. जमीन त्याआधीच तयार होती: १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांच्यासोबत हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवणाऱ्या अशा गोव्याच्या वादकांनीच हा ठेका आपल्या कानांत रुजवला. पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच आलं.

चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातलं ‘व्हेनिस’ हे त्या रात्रींचं एक ठिकाण. मडगावचा ख्रिस पेरी तिथे वाजवायचा आणि कोकणी गायिका लोर्ना गायची. लोर्नाला रॉकाबिली गायिका म्हणता येणार नाही, तिचा पिंड जॅझचा. पण आवाजातली ती धार, शब्द चावून फेकण्याची ती रीत त्याच घराण्याची वाटते. पुढे दोघांची वाट वेगळी झाली, लोर्नाने गाणं सोडलं. वीसेक वर्षांनी, १९९५ मध्ये, संगीतकार रॉनी मोन्सेरातने ‘हॅलो लोर्ना’ या अल्बमच्या निमित्ताने तिला परत आणलं. गोव्याने तिला डोक्यावर घेतलं. मधल्या काळात डिस्को आले, रेकॉर्ड लावणं बँड ठेवण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं आणि मुंबईतल्या त्या खोल्या एकेक करून गप्प झाल्या.

आम्ही बेळगावच्या उद्यमबागेची माणसं. दिवसभर फाउंड्रीतला फेटलिंगचा, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याचा, ठणठणाट कानांत असतो, त्यामुळे मोठ्या आवाजाचं आम्हाला अप्रूप नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो असताना एका छोट्या क्लबात तिघांचा बँड ऐकला, तेव्हा कान टवकारले ते मोठ्या आवाजाने नव्हे, बारकाव्यांनी. गाणारा कपाळावरची बट मागे सारत माइकपासून जरा दूर उभा होता. बासवाल्याच्या बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली. तो तार सोडायचा तेव्हा आधी लाकूड वाजायचं, मग सूर यायचा. मध्येच गाणाऱ्याने उचकी दिल्यासारखा आवाज तोडला आणि पुढच्या टेबलावरची आजीबाई खुर्चीतच डोलू लागली. रेकॉर्डवर हे सगळं एका पातळीवर दाबलेलं असतं. इथे लाकूड वेगळं, तार वेगळी, श्वास वेगळा.

बेळगावकराला असं जवळून ऐकणं नवं वाटायचं कारण नाही. इथून जवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. घरगुती बैठकीत पहिल्या रांगेसाठी धडपडणारे रसिक आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गवयाने षड्ज लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू यावा म्हणून ते लवकर येऊन बसतात. तोच कान या गाण्यालाही लागतो. गोव्यात अजून असे क्लब तग धरून आहेत. तिथले वादक घाट चढून एखाद्या शनिवारी इकडे आले, तर उद्यमबागेतली एखादी रिकामी शेडही त्यांना पुरेल. पन्नास खुर्च्या आम्ही मांडू.