पाच नाकांचं घराणं

सुगंधाच्या धंद्यात बाटलीवर नाव एकाचं आणि मेहनत दुसऱ्याची, असाच बहुतेक ठिकाणी रिवाज आहे. फॅशनच्या बड्या कंपन्या परफ्यूम बनवण्याचं काम बाहेरच्या प्रयोगशाळांकडे सोपवतात. तिथला परफ्यूमर महिनोन्महिने मिश्रणं जुळवत बसतो, पण दुकानात त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. पॅरिसच्या गेर्लां या परफ्यूम कंपनीने हा रिवाज बराच काळ मानलाच नाही. १८२८ पासून १९९४ पर्यंत तिथे मालकी आणि सुगंधाची रचना एकाच घरात होती. या घराने दिलेले परफ्यूमर फक्त चार; पाचवा आला तो बाहेरून. गेर्लांची कीर्ती सहसा तिच्या देखण्या बाटल्यांच्या आणि राजेशाही गिऱ्हाइकांच्या नावावर जमा होते. माझ्या मते ती या पाच माणसांच्या नावावर जमा व्हायला हवी.

पहिले पिएर-फ्रान्स्वा-पास्काल गेर्लां. आबव्हील गावात १७९८ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १८२८ मध्ये पॅरिसच्या र्यू द रिव्होलीवर, म्यूरिस हॉटेलच्या तळमजल्यावर दुकान थाटलं. जागेची निवड हुशारीची होती, कारण या हॉटेलात श्रीमंत इंग्रज प्रवाशांचा राबता असे. साबण, मलमं, सुगंधी पाणी असा सगळा माल दुकानात होता. पण नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. एखाद्या व्यक्तीसाठी, कधी एखाद्या समारंभासाठी स्वतंत्र सुवास जुळवून देण्यात त्यांचा हातखंडा होता. १८४० मध्ये दुकान र्यू द ला पे या बड्या लोकांच्या रस्त्यावर आलं. १८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनचा युजेनीशी विवाह झाला आणि त्याच वर्षी गेर्लांनी सम्राज्ञीसाठी लिंबूवर्गी फळांच्या वासाचं कोलोन तयार केलं. त्याच्या काचेच्या बाटलीवर बोनापार्ट साम्राज्याचं चिन्ह असलेल्या मधमाश्या उठावात कोरल्या होत्या. या बाटलीचं रूप आजही चालू आहे.

१८६४ मध्ये संस्थापक वारले आणि दोन मुलांनी कामं वाटून घेतली. गाब्रिएलने व्यवहार पाहायचा, एमेने सुगंध. व्यापार एकाकडे आणि रचना दुसऱ्याकडे असली तरी दोघेही घरचेच, हा पायंडा पुढच्या पिढीतही चालला.

एमेच्या वाट्याला रसायनशास्त्राच्या क्रांतीचा काळ आला. सुकलेल्या गवतासारखा, किंचित बदामी वास असलेलं कुमारिन विल्यम पर्किनने १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन संशोधकांनी पाइनच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलाचा गंध देणारं व्हॅनिलिन मिळवलं. एमेने १८८९ मध्ये 'जिकी' रचताना वर ताजं लॅव्हेंडर ठेवलं, खाली कुमारिन आणि व्हॅनिलिन, आणि त्याला जवादी मांजराच्या ग्रंथींतल्या उग्र द्रव्याची किनार दिली. हा वास कुठल्याच एका फुलाचा नव्हता. निसर्गात नसलेला सुवास माणूस रचू शकतो, याची इतकी ठळक ग्वाही त्याआधी क्वचितच कुणी दिली असेल. जिकी आजही विक्रीत आहे.

एमेने आपला पुतण्या झाक याला हाताशी धरून शिकवलं. घराण्याचं सोनेरी पर्व ते झाकचंच. १९०६ चा 'आप्रे लोंदे', १९१२ चा 'लर ब्ल', १९१९ चा 'मित्सुको', १९२५ चा 'शालिमार', १९३३ चा 'व्हॉल द न्वी' ही यादी एका माणसाची आहे, यावर विश्वास बसत नाही. दरम्यान १९१४ मध्ये शाँझेलिझेवर ६८ क्रमांकाची इमारत उभी राहिली. आजही ती गेर्लांची मुख्य पेढी आहे.

या यादीतला शालिमार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच्या अर्कात बर्गमॉटचं प्रमाण सुमारे ३० टक्के सांगितलं जातं. बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचं फळ. जगातलं बहुतेक पीक इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतातल्या रेज्जोजवळच्या किनारपट्टीत येतं आणि सालीला दाब देऊन तेल काढतात. हे तेल हलकं, चटकन उडून जाणारं. त्याच्या तळाशी झाकने व्हॅनिलिनहून बरंच तीव्र असलेलं इथिल व्हॅनिलिन घातलं, आणि जोडीला धुरकट, राळेसारखे जड गंध. मनगटावर लावल्यावर आधी लिंबाचा टवटवीत झोत येतो. थोड्या वेळात तो विरतो आणि खालून गोड, ऊबदार, धुपासारखा वास वर येऊ लागतो. कपड्यावर तो दुसऱ्या दिवशीही ओळखू येतो. वरचं इतकं हलकं आणि खालचं इतकं जड, हा तोल सांभाळणं महाकठीण. तिथे झाकचा हात कळतो.

शालिमार हे नाव शाहजहान आणि मुमताज यांच्या प्रेमकथेवरून आलं, असं गेर्लां सांगते. कथेतली बाग लाहोरची मानली जाते. पण ती बाग १६४१-४२ मधली, आणि मुमताजचं निधन १६३१ मध्ये आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात झालं होतं. काश्मीरची शालिमार बाग मात्र जहांगीरच्या काळातली, म्हणजे तिच्या हयातीतली. पॅरिसमध्ये बसून रंगवलेला हा पूर्वेचा देखावा इतिहासाला धरून नाही. सुगंधाची थोरवी त्या कथेवर अवलंबूनही नाही.

१९२५ च्या पॅरिसमधल्या शोभिवंत कलांच्या प्रदर्शनात शालिमारची बाटली गाजली. रेखाटन घराण्यातल्याच रेमों गेर्लांचं, घडण बाकारा या काचकारखान्याची. या उंची बाटल्या बंद करण्याची रीत आजही हातानेच चालते. काचेचं बूच कितीही घट्ट बसवलं तरी फटीतून अल्कोहोल उडतंच. म्हणून कारागीर स्त्रिया एक पातळ पापुद्रा ओला करून बुचावर ताणून बसवतात, मानेभोवती दोऱ्याचे वेढे घालून गाठ मारतात आणि जादा कड कापून टाकतात. पापुद्रा वाळला की आक्रसतो आणि बूच जखडून धरतो. काही बाटल्यांवर रेशमी दोऱ्याची टोकं विंचरून त्यांचा झुपका करतात आणि लाखेची मोहोर लावतात. बोटांना सवय होण्यासाठी हे काम बराच काळ शिकावं लागतं.

झाकने आपला नातू झाँ-पॉल याला तयार केलं. १९५५ चा 'ओद' दोघांनी मिळून रचला, आणि १९६३ मध्ये झाक गेले तेव्हा वारसा निश्चित झालेला होता. १९५९ चा 'व्हेतिव्हे' झाँ-पॉलचाच. त्यातला वाळा आपल्या माठातल्या जुडीचाच भाऊबंद, पण लिंबू आणि तंबाखूच्या संगतीने तो वेगळाच कोरडा, रुबाबदार होतो. १९८९ च्या 'संसारा'त त्यांनी चंदनाच्या तेलाचा सढळ हाताने वापर केला. या माणसाच्या लौकिकाला डागही आहे. २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी कृष्णवर्णीयांबद्दल वर्णद्वेषी उद्गार काढले, पॅरिसमध्ये निदर्शनं झाली, कंपनीने संबंध तोडले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला. त्यांचे सुगंध मोठे आहेत म्हणून हे वगळून चालणार नाही.

१९९४ मध्ये कंपनी एलव्हीएमएच या विलासी वस्तूंच्या बलाढ्य समूहाकडे गेली. २००२ मध्ये झाँ-पॉल निवृत्त झाले आणि घरात पुढचा परफ्यूमर नव्हता. खरी कसोटी इथे होती. २००८ मध्ये स्वित्झर्लंडचे तिएरी वासर मुख्य परफ्यूमर झाले, गेर्लां आडनाव नसलेले पहिलेच. जुनी सूत्रं आणि ती वाचण्याची दृष्टी त्यांनी झाँ-पॉलकडूनच घेतली.

सूत्र लिहिलेलं असताना दृष्टी कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. बंदिश स्वरलिपीत उतरवता येते, गायकी गुरूसमोर बसूनच येते, सुगंधाचंही तसंच. सूत्रात 'बर्गमॉट' एवढंच लिहिलेलं असतं. पण यंदाचं बर्गमॉट गेल्या वर्षीसारखं नसतं; पाऊस, ऊन, तोडणीचा दिवस, बागेची माती यांनी तेल बदलतं. म्हणून दरवर्षी वेगवेगळ्या बागांच्या तेलांचे नमुने कागदी पट्ट्यांवर घेऊन हुंगायचे आणि त्यांचं असं मिश्रण बांधायचं, की शालिमार शालिमारच राहील. हे प्रमाण कुठल्याही वहीत सापडत नाही.

कधी कधी तर घटकच हातचा जातो. मित्सुकोचा प्राण म्हणजे ओक वृक्षावर वाढणारं दगडफुलासारखं शैवाक (लायकेन). त्यातली अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉल ही द्रव्यं त्वचेला ॲलर्जी करतात, म्हणून आधी उद्योगाने मर्यादा घातल्या आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदीचा नियम केला. लोकांची त्वचा जपायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती द्रव्यं काढून घेतलेलं शैवाक पूर्वीसारखं दरवळत नाही. मूळ मित्सुको नाकात पक्कं बसलेला परफ्यूमरच पोकळी नेमकी कुठे पडली हे ओळखतो आणि इतर घटकांनी ती बुजवतो. चंदनाचीही तीच गत. म्हैसूरचं तेल दुर्मिळ आणि महाग झालं, तेव्हा संसाराला पर्यायी लाकूडगंधांचा आधार घ्यावा लागला.

म्हणूनच गेर्लांकडे पाहताना मला संग्रहालय दिसत नाही, चालू कार्यशाळा दिसते. जिकी सव्वाशेहून अधिक वर्षं टिकला, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी तो पुन्हा जुळवला. मालक बदलले तरी कच्चा माल निवडण्याचा आणि नापसंत तेल परत पाठवण्याचा अधिकार परफ्यूमरकडे राहिला पाहिजे, आणि त्याच्या शेजारी शिकणारा माणूस आतापासून बसलेला पाहिजे. कंपनी विकत घेता येते, सूत्रांच्या वह्याही घेता येतात. पुढच्या हंगामात कुठल्या बागेचं तेल घ्यायचं हे सांगणारा माणूस मात्र वर्षानुवर्षं शिकवून घडवावा लागतो, आणि तो खर्च टाळणाऱ्या संस्थेकडे शेवटी नुसतं नाव उरतं.