डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि देवदासींचा कायदा

कायदा म्हटला कीं बंदी आणि शिक्षा एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु एखादी वाईट चाल ज्या खुंटीला बांधलेली असते ती खुंटी शोधून सैल करणें, हेंहि कायद्याचें काम आहे. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनीं तें कसें केलें, तें आज पाहूं.

त्यांचा जन्म १८८६ सालीं पुदुक्कोट्टै संस्थानांत झाला. वडील तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई देवदासी घराण्यांतील. मुलग्यांच्या त्या कॉलेजांत या मुलीला प्रवेश देण्यावरून वाद माजला, तेव्हां महाराजांनीं परवानगी दिली. पुढें मद्रासच्या मेडिकल कॉलेजांतून १९१२ सालीं त्या डॉक्टर झाल्या. १९१४ सालीं डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशीं विवाह करतांना, पतीनें आपल्याला बरोबरीच्या नात्यानें वागवावें, अशी अट त्यांनीं घातली होती.

१९२६ च्या अखेरीस सरकारनें त्यांची मद्रास कायदेमंडळावर नेमणूक केली. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक कायदेमंडळांत बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९२७ सालीं सभागृहानें एकमतानें त्यांना उपाध्यक्षपद दिलें. त्याच वर्षीं त्यांनीं, मुली देवाला वाहण्याची चाल बंद करावी, असा ठराव आणला.

अल्पवयी मुलीला अनीतीच्या धंद्यासाठीं देणेंघेणें दंडविधानाच्या ३७२ व ३७३ या कलमांप्रमाणें आधींच गुन्हा होता. पण मंदिरांतला विधि आज व्हावा, आणि त्याचा परिणाम कित्येक वर्षांनीं दिसावा. मग हेतु शाबीत कसा करावयाचा? शिवाय या चालीचें मूळ जमिनींत होतें. देवदासीला इनाम मिळे तें मंदिराच्या सेवेबद्दल. सेवा खुंटली कीं इनामहि जाई. म्हणून घरांतली एक मुलगी वाहावी लागे. मुलगी नसली तर दत्तक घ्यावी लागे. १९२९ सालीं मुथुलक्ष्मीबाईंच्या प्रयत्नानें धर्मादाय कायद्यांत दुरुस्ती झाली. जमीन सेवेच्या अटींतून मोकळी करून त्या स्त्रियांच्याच हातीं राहील, अशी ती तरतूद होती. सेवा सोडली तरी भाकर सुटूं नये, हें तिचें मर्म.

याला विरोध झाला, आणि तो केवळ सनातन्यांकडूनच झाला असें नाहीं. अनेक देवदासींनींहि सरकारकडे अर्ज धाडले. त्यांच्यांत मुलीला वारसा होता, लेखनवाचन होतें, संगीत आणि नृत्य पिढ्यान्‌पिढ्या जतन झालें होतें. हें सारें सुधारणेच्या लोंढ्यांत वाहून जाईल, ही त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. मुथुलक्ष्मीबाईंचें लक्ष मात्र ज्या बालिकेला कोणी विचारीत नाहीं तिच्याकडे होतें.

१९३० सालीं त्यांनीं ही चाल सर्वस्वीं बंद करणारें विधेयक आणलें. पण त्याच वर्षीं गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ सभासदत्वाचा राजीनामा दिला. मद्रासचा बंदीचा कायदा झाला तो १९४७ सालीं! मधल्या काळांत त्या स्वस्थ बसल्या नाहींत. देवदासींच्या मुलींना वसतिगृहें जागा देत ना, तेव्हां त्यांनीं ‘अव्वै गृह’ काढून त्या मुलींच्या शिक्षणाची सोय केली. धाकट्या बहिणीचा कर्करोगानें झालेला मृत्यु त्यांच्या मनांत सलत होता. त्यांतून १९५४ सालीं अड्यार येथें कर्करोगाचें रुग्णालय उभें राहिलें. १९५६ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. १९६८ सालीं त्या निवर्तल्या.

आपल्याकडे मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं असा कायदा झाला होता. तरीहि महाराष्ट्राला २००५ सालीं पुन्हा नवा कायदा करावा लागला. बंदीचें कलम लिहिणें तुलनेनें सोपें. मुलगी वाहिली नाहीं तर त्या घराची चूल कशी पेटेल, याचें उत्तर कलमाबरोबरच द्यावें लागतें. मुथुलक्ष्मीबाईंनीं बंदीच्या आधीं जमिनीचा प्रश्न हातीं घेतला, तो याचसाठीं.