आकर्ण

१९ जुलै १५४५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत फ्रेंच आरमाराशी लढताना आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. १९८२च्या ऑक्टोबरात तिचा सांगाडा वर आला. गाळातून १३७ अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाणही मिळाले. तोवर त्या काळातली मोजता येण्याजोगी इंग्लिश धनुष्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

यू वृक्षाच्या एकाच दांड्यातून कोरलेली ही धनुष्यं माणसाहून उंच आहेत. प्रतिकृती करून, गणित मांडून अभ्यासकांनी त्यांचा ताण १०० ते १८५ पौंड ठरवला. बरीचशी १५०च्या आसपास. ऑलिंपिकमधलं धनुष्य साधारण ५० पौंडांचं असतं. १५० पौंड म्हणजे ६८ किलो. सिमेंटच्या पोत्याहून जास्त भार, तोही दोन-तीन बोटांवर!

धनुष्यांपेक्षा मला बाण जास्त बोलके वाटतात. बहुतेकांच्या काड्या सुमारे ३० इंचांच्या. त्या नौकेवरचे पुरुष सरासरी साडेपाच फुटांच्या थोडे वर होते. अशा उंचीचा आजचा तिरंदाज दोरी हनुवटीशी आणतो तेव्हा ओढ, म्हणजे दांड्यापासून दोरीपर्यंतचं अंतर, २७-२८ इंच भरते. म्हणजे ३० इंची काडी पुरती ओढायची तर हात हनुवटी ओलांडून कानाकडे गेला पाहिजे. आपल्याकडे यासाठी शब्द आहेच : आकर्ण. पौराणिक नाटकात तो शोभेचा वाटतो, पण जड धनुष्यापुढे तो चक्क मापाचा शब्द ठरतो.

नवशिक्याला मात्र उलटं वाटतं. धनुष्य जड, तर ओढ आखूड ठेवली की सोपं जाईल. ताण कमी होतो, हे खरं. दोरी चढवल्यावर ती दांड्यापासून सहा इंचांवर असते असं धरलं, तर ३० इंचांपर्यंत ती २४ इंच मागे जाते. १५० पौंडांच्या धनुष्यात दर इंचाला सरासरी सहा पौंड. दोन इंच अलीकडे थांबलं की डझनभर पौंड वाचले. पण तिथे कोपर बाणाच्या रेषेबाहेर राहतं, फरे एकमेकांकडे सरकलेले नसतात आणि उरलेला सगळा भार दंडावर आणि खांद्याच्या पुढच्या भागावर लटकतो. हात थरथरतो, दोरी पुढे सरकते. आणखी थोडं मागे गेलं की कोपर बाणाच्या मागे येतं, धनुष्याचा हात खांद्याशी सरळ होतो. मग भार हाडं पेलतात आणि ओढायचं काम पाठीचे रुंद स्नायू करतात. सोयीची ओढ ती हीच. त्याहून मागे नेली तर रेषा पुन्हा मोडते.

आपलं माप शोधायला हलकं धनुष्य बरं. डोळे मिटून पाचसहा वेळा ओढायचं, काडीवर खुणा करायच्या. जिथे खुणा जमतात ते माप. मग ताण टप्प्याटप्प्याने वाढवायचा. खूण पुढे येऊ लागली की धनुष्य झेपत नाही, एवढं समजावं.

ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ साली राजासमोरच्या प्रवचनात आपल्या शेतकरी बापाची आठवण सांगितली. बापाने त्याला दंडाच्या जोरावर नव्हे, अंग धनुष्यात घालून ओढायला शिकवलं आणि वय, ताकद वाढेल तशी धनुष्यं बदलून दिली. प्रवचनात तंत्राचा इतका नेमका धडा क्वचितच सापडेल. अंग घालणं म्हणजे डावा हात रोवून फक्त उजव्याने खेचणं नव्हे. छाती उघडत, दांडा आणि दोरी एकाच वेळी एकमेकांपासून लांब नेत जाणं. त्या काळच्या कायद्याने सात वर्षांच्या पोरालाही धनुष्य आणि दोन बाण देणं बापावर बंधनकारक होतं.

या सरावाचा ठसा शरीरावरही उमटला असावा. ‘मेरी रोझ’वरच्या हाडांचा अभ्यास करताना अ‍ॅन स्टर्लंड यांना फऱ्याच्या टोकाचा एरवी विशीत जुळून येणारा तुकडा बऱ्याच जणांत सुटाच राहिलेला दिसला. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याची ही खूण, असं त्यांचं मत. मला ते पटतं, पण सांगाडे विस्कटून एकमेकांत मिसळले होते आणि नौकेवर गोलंदाज, खलाशीही होतेच.

बाण मात्र व्यवस्थित सापडले. काही तर चोवीस भोकांच्या चामडी चकत्यांत ओवलेले. एका जुडग्यात चोवीस. चकती हाती आली की उंच असो वा बुटका, काडी तीच. आजचा तिरंदाज आपल्या ओढीप्रमाणे बाण कापून घेतो. तिथे बाण आधीच कापलेले होते.