दुसरा हात कोणाचा?

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं शेजारी उभे राहिले तरच दार उघडतं. हे शहाणपण निवृत्तीनंतर बाहुला शिवताना आठवेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत आठ वर्षांचा नातू आला. त्याला हवा होता पेला उचलणारा, डोकं खाजवणारा बाहुला. आमची पिढी रामदास पाध्यांच्या अर्धवटरावांवर वाढलेली. हा प्रकार निराळा. यात खेळवणाऱ्याचा उजवा हात बाहुल्याच्या तोंडात असतो आणि डावा हात बाहुल्याच्या बाहीतून थेट हातमोज्यात जातो. बोटं हलतात ती माणसाचीच.

स्पंजचं डोकं जमलं. त्यावर जुन्या ब्लँकेटची कातडीही चढली. रडवलं ते हातांनी. खांद्यापासून मनगटापर्यंत मोजून बाही बेतली, टोकाला चार बोटांचा मोजा शिवला. माझी शेवटची दोन बोटं एकाच घरात. पण हात वर केला की बाही ताणली जाई आणि डोकं खाली! बाहुला कायम शरमिंदा.

रात्री कपाट उघडून हिचा एक ब्लाऊज उलटा करून पाहिला. हिला जाऊन वर्ष झालं. काखेत तिनं चौकोनी तुकडा जोडला होता. तिचा हात फळीवरच्या डब्यापर्यंत सहज का पोचायचा, ते तेव्हा कळलं. सकाळी तसाच तुकडा लावला, कोपरासाठी चार बोटं कापड जास्त सोडलं. मान ताठ झाली!

उरली उजवी बाही. माझे दोन्ही हात संपले होते. १९६३ साली अमेरिकेतल्या ‘जिमी डीन शो’त रॉल्फ नावाचा कुत्रा येऊ लागला. त्याचं डोकं आणि डावा हात जिम हेन्सन यांचा, उजवा हात फ्रँक ऑझ यांचा. मला कुठला ऑझ मिळणार? कापूस भरून बाही पोटाला टाचावी म्हणून सुई घेतली. दोरा काही ओवला जाईना.

आजी गेल्यापासून नातू तिच्या मशीनपाशी फिरकत नसे. दोरा ओवायला तिनंच त्याला शिकवलेलं. तो आला, एका झटक्यात दोरा ओवला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, कापूस नको. मी घालतो ना हात.’’

त्याच्या मापाने बाही आखूड केली. पहिले दोन दिवस टाळी चुकत होती. हाताकडे बघून ती जमेना; एकमेकांचा श्वास ऐकून जमली.

नातू गेला. बाहुला खुंटीला आहे. एक हात लांब, एक आखूड. उजव्या बाहीत कापूस भरलेला नाही. दिवाळीपर्यंत ती रिकामीच राहील.