चार रकान्यांचं बेट

मॉरिशसच्या नोटा कधी हाती आल्या तर किमतीनुसार ओळीने मांडून पाहाव्यात. 25 रुपयांवर जाँ आ-शुएन, चिनी वंशाचे. 50 वर मोरिस पातुरो, फ्रेंच गोऱ्यांच्या कुळातले. 100 वर रेंगनादेन सिनिवासेन, तमिळ. 200 वर अब्दुल रझाक मोहम्मद, मुस्लिम. 500 वर सुखदेव बिसुनदयाल, हिंदू. 1000 वर गाएताँ द्युवाल, क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या समाजातले. आणि 2000 वर देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, पुन्हा हिंदू. सात नोटांत देशातले जवळजवळ सगळे समाज येऊन जातात. हा योगायोग असेल असं तिथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही.

नोटेवरच्या लिपींचीही अशीच काळजी घ्यावी लागते. आधी इंग्रजी, मग तमिळ, मग हिंदी असा तिथला जुना क्रम. नोव्हेंबर 1998 मध्ये नव्या नोटा आल्या आणि त्यांत हिंदी वर सरकली, तमिळ खाली गेली. मजकूर तोच, किंमत तीच. पण तमिळ समाज खवळला. आमचे कारागीर फ्रेंच अमदानीतच पाँडिचेरीकडून इथे आले, उसाच्या मळ्यांवरचे मजूर त्यानंतर शंभरेक वर्षांनी. मग आधी आलेल्याने खाली का बसायचं? शेवटी त्या नोटा मागे घेतल्या गेल्या आणि जुन्या क्रमाने पुन्हा छापल्या गेल्या. एका ओळीच्या जागेवरून अख्खं चलन परत बोलावणारा देश हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. मला मात्र तो फार शहाणा वाटतो, आणि थोडा घाबरलेलाही.

देश तसा केवढासा. क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा पाव भाग. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आणि गंमत अशी की इथे मूळचं कुणीच नाही. भूमिपुत्र म्हणावा असा एकच, डोडो. तो 17 व्या शतकातच संपला. आधी डच आले आणि सोडून गेले. 1715 मध्ये फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. 1835 मध्ये गुलामगिरी उठली आणि मळेवाल्यांना हात कमी पडू लागले, त्याची तजवीज आधीच सुरू झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज पोर्ट लुईला लागलं आणि करारबद्ध भारतीय मजुरांची रीघ सुरू झाली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या धक्क्यावरून उतरली. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, आणि 2006 पासून ती जागतिक वारसा आहे.

लेबलं कशी जन्माला येतात हे बघायचं तर या मजुरांच्या नोंदवह्या बघाव्यात. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक. मग नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज. पुढे पुढे फोटोसुद्धा. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आणि बापाचं नाव नातवंडांचं आडनाव होऊन बसलं. ज्या बंदरातून माणूस निघाला त्या बंदराचं नावही त्याला चिकटलं. कलकत्त्याहून आले ते कलकतिया, मद्रासहून आले ते मद्रास, आणि मुंबईच्या बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोक ‘बाँबे’. रत्नागिरीच्या डोंगरातला कुणबी आयुष्यात मुंबईत चार दिवसही राहिला नसेल, पण बेटावर तो मुंबईचा झाला.

आता राज्यघटनेकडे येऊ. 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झालं. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात लोकसंख्येची वाटणी आहे: हिंदू समाज, मुस्लिम समाज, चिनी-मॉरिशियन समाज. आणि ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो या तिघांपैकी कुणातलाच वाटत नाही, तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या चौथ्या समाजाचा. हे पुन्हा एकदा वाचण्यासारखं आहे. दोन रकाने धर्माचे. एक पूर्वजांच्या देशाचा, आणि त्यातले बहुतेक लोक कॅथलिक. चौथा रकाना उरलेल्यांचा. त्या उरलेल्यांत साखर कारखान्याचा गोरा मालकही येतो, आणि त्याच्या पणजोबाने विकत घेतलेल्या गुलामाचा पणतूही. इतिहासाने ज्यांना एकमेकांसमोर उभं केलं त्यांना कायद्याने एकाच कप्प्यात टाकलं.

मराठी माणसाचं तर याहून मजेशीर. घटनेच्या हिशेबात तो हिंदू. पण बेटावर रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे भोजपुरी-हिंदी परंपरेतले लोक. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे वेगळे. इतके वेगळे, की तिथल्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला ‘मराठी’ हे उत्तर चालतं, आणि तक्त्यात ती वेगळी ओळ छापली जाते. सार्वजनिक सुट्ट्याही तशाच वाटलेल्या: महाशिवरात्र हिंदूंची, कावडी तमिळांची, उगादी तेलुगूंची आणि गणेश चतुर्थी मराठी लोकांची. पुण्या-मुंबईच्या माणसाला गणपती हा सगळ्या महाराष्ट्राचा, नव्हे सगळ्या देशाचा वाटतो; तिथे तो एका लहानशा समाजाचा हक्काचा दिवस आहे. त्या दिवशी झाकरी नाचतात. कोकणातली जाखडी ती हीच. गाणाऱ्यांपैकी बरेच जण मराठी शाळेत शिकलेले असतात, घरात मात्र क्रिओलच बोलतात.

क्रिओल ही बेटाची खरी बोली. फ्रेंच मळेवाले आणि आफ्रिकन गुलाम यांच्या व्यवहारातून ती घडली. आज दहातल्या आठांहून जास्त लोकांची घरातली भाषा तीच आहे, मग आडनाव कुठलंही असो. संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंचमध्ये, पूजा आपापल्या भाषेत आणि भांडण क्रिओलमध्ये.

आता त्या चार रकान्यांचं काम काय, हे पाहू. 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली होती. हिंदू बहुसंख्य आहेत, इंग्रज गेल्यावर आपलं काय होईल, ही इतरांची भीती आधीपासूनच होती. त्या भीतीवर तोडगा म्हणून 1966 च्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशी आणि नंतरची घासाघीस यांतून एक यंत्रणा निघाली: ‘बेस्ट लूझर’. पडलेल्यांतले सर्वांत सरस. मतदार एकाच यादीतून मत देतात, समाजवार वेगळे मतदारसंघ नाहीत. 62 जण निवडून येतात, त्यांतले 60 मुख्य बेटावरून. मग निवडणूक आयोग पाहतो की कुठला समाज कमी पडला, आणि त्या समाजातल्या पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना सभागृहात आणून बसवतो.

कमी पडला हे ठरवायचं गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. समाजाची लोकसंख्या घ्यायची, त्याला मिळालेल्या जागांत एक मिळवायचा, आणि भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला पुढची जागा. लोकसंख्येचे आकडे असे: हिंदू 4,28,167, मुस्लिम 1,37,081, चिनी-मॉरिशियन 24,084, सर्वसाधारण 2,36,867. समजा 62 पैकी हिंदू 38, मुस्लिम 9, सर्वसाधारण 14 आणि चिनी 1 असे निवडून आले. भागाकार येतात 10,979, 13,708, 15,791 आणि 12,042. पहिली जागा सर्वसाधारणला. त्यांचे आता 15 झाले, पुन्हा भागा: 14,804, तरी तेच पुढे. तिसरी जागाही त्यांचीच, 13,933 वर. चौथ्या फेरीत ते 13,159 वर घसरतात आणि जागा मुस्लिमांकडे जाते. पहिल्या चार जागा अशा पक्ष न बघता वाटायच्या. पुढच्या चारांत निवडणुकीत ठरलेलं पक्षांचं बलाबल बिघडू नये याचीही काळजी घ्यायची. इतकी भावनाहीन, शाळकरी आकडेमोड, आणि तिच्यावर एका देशाची समजूत टिकलेली. मला यात खरोखर सौंदर्य दिसतं.

पण हे आकडे कधीचे? 1972 च्या जनगणनेचे. आजही तेच वापरले जातात.

असं झालं कारण काही लोकांना रकानेच नको होते. एमएमएम नावाचा डावा पक्ष ‘एकच जनता, एकच राष्ट्र’ ही क्रिओलमधली घोषणा देत वाढला. 1982 मध्ये या पक्षाच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. घटना बदलण्याइतकं बळ हाती होतं. नव्या सरकारने जनगणनेतून समाज विचारणारा प्रश्न काढून टाकला. मात्र बेस्ट लूझर तसंच राहिलं, कारण ते काढायला कुणी धजलं नाही. यंत्रणेला आकडे तर हवेत, म्हणून घटनेत लिहिलं गेलं की 1972 चेच धरावेत. चौकटी मोडायला निघालेल्यांनी चौकटी गोठवून ठेवल्या. आजच्या बहुसंख्य मतदारांचा 1972 मध्ये जन्मही झालेला नव्हता.

बरं, उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज जाहीर करायचाच, नाहीतर अर्ज बाद. 2005 पासून ‘रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव’ या गटाने त्यावर लढा दिला. आम्ही मॉरिशियन आहोत, पाचवा रकाना नसेल तर कुठलाच भरणार नाही. एका दुसऱ्या डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी तर निषेध म्हणून चक्क चिठ्ठ्या टाकून आपापला समाज ठरवला! 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने सांगितलं की चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर माणसाला समाज जाहीर करायला लावणं हे त्याच्या निवडणूक लढवण्याच्या हक्कावर अतिक्रमण आहे. 2014 साली तात्पुरती घटनादुरुस्ती झाली, फक्त त्या एका निवडणुकीपुरती. पुढे पुन्हा जैसे थे.

मग पुन्हा मोजा, असं कुणी का म्हणत नाही? कारण नवा आकडा आला की कुणीतरी वाढलेला निघणार, कुणीतरी घटलेला. जुन्या आकड्याचा फायदा हाच की तो सगळ्यांना सारखाच चुकीचा वाटतो. आपल्याकडे जातगणनेवर रोज वाद ऐकणाऱ्याला ही भीती समजावून सांगायची गरज नाही.

लेबल कागदावर आलं की माणसं दुभंगतात, हे एक मत. रुआंडात बेल्जियनांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी असं छापलं, आणि 1994 मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रं बघून माणसं मारली गेली. तिथे आता ते शब्द ओळखपत्रावर नाहीत. पण मॉरिशसनेही लेबलं छापली, घटनेतच छापली, आणि 1968 नंतर तिथे यादवी झाली नाही. 2003 मध्ये तर एमएमएमचे पॉल बेराँजे, फ्रेंच वंशाचे, हिंदूबहुल देशाचे पंतप्रधान झाले. तेव्हा दोष नुसत्या छापण्यात नसावा. मला वाटतं फरक या गोष्टीत आहे की एका माणसावरची लेबलं एकमेकांवर नीट बसतात की नाही. मॉरिशसचा मराठी माणूस संसदेच्या हिशेबात बहुसंख्याकांत आहे, देवळाच्या हिशेबात अल्पसंख्याकांत, भाषेच्या हिशेबात क्रिओलांच्या बरोबर, आणि ऊस तोडणाऱ्या आजोबांच्या हिशेबात बिहारी आणि तमिळ मजुरांच्या बरोबर. त्याला एका बाजूला ढकलायचं तर आधी कुठली बाजू हे ठरवावं लागेल.

जिथे लेबलं नीट एकावर एक बसली, तिथेच हा देश उकलला. क्रिओल समाज: गुलामांचे वंशज, बहुतेक गरीब, सरकारी नोकऱ्यांत आणि पोलिसांत कमी, आणि कागदावर ‘सर्वसाधारण’, म्हणजे त्यांच्या नावाचा रकानाच नाही. मालकांच्या गोऱ्या वंशजांची श्रीमंती त्यांच्याच खात्यावर मोजली जायची. 1990 च्या दशकात तिथल्या एका कॅथलिक धर्मगुरूने या खदखदीला ‘क्रिओल अस्वस्थता’ म्हटलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. फेब्रुवारी 1999 मध्ये काया नावाचा लाडका गायक पोलीस कोठडीत मरण पावला. सेगा आणि रेगे मिसळून त्याने सेगे हा संगीतप्रकार रुजवला होता. गांजाबंदी शिथिल करावी यासाठीच्या एका मैफलीनंतर त्याला पकडलं होतं. तो क्रिओल, पोलीस दल मुख्यतः हिंदू. काही दिवस बेट पेटलं, माणसं मेली. राष्ट्रपती कासम उतीम, स्वतः मुस्लिम, रस्त्यारस्त्यांवर फिरून शांत राहा म्हणून विनवत होते. बेस्ट लूझरचा भागाकार त्या दिवसांत कुणाच्या उपयोगी पडला नाही. तो सभागृहातली खुर्ची मोजतो, पोलीस भरतीतली नाही.

10 नोव्हेंबर 2024 ला पुन्हा निवडणूक झाली. नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावर 60 विरुद्ध 0 असा सफाया केला. सभागृहात विरोधक म्हणून बसायला त्या बेटावरून कुणी निवडूनच आलं नव्हतं. मग आयोगाने 1972 चे आकडे काढले, भागाकार केले आणि चार पराभूतांना आत घेतलं. नवे विरोधी पक्षनेतेही याच वाटेने आले.